प्रवासाचे सांधे

पेशवाईच्या उत्तरकाळीं पुण्याहून काशीयात्रेस निघणारा गृहस्थ आपल्याजवळ रोकड फारशी बाळगीत नसे. पुण्याच्या सराफाकडे रुपये भरून तो काशीच्या पेढीवरची हुंडी घेई, आणि तिकडे पोंचल्यावर ज्यानें त्याला पूर्वीं कधीं पाहिलें नाहीं असा सावकार त्या कागदाच्या चिटोऱ्यावर विश्वास ठेवून पैसे मोजून देई. रुपये असे एका दमांत पुण्याहून काशीस जात. यात्रेकरू मात्र टप्प्याटप्प्यानें जाई. दर मुक्कामावर गाडीवान नवा, भाडें नवें, घासाघीस नवी. नदीला पूर आला तर नावाड्याची मिनतवारी आणखी वेगळी. आणि एका ठिकाणीं चार दिवस खोळंबा झाला म्हणून पुढच्या गाडीवानानें वाट पाहत थांबावें, असा कोणाचा कोणावर हक्क नसे. द्रव्याला जी सोय होती ती मनुष्याला मिळण्यास एकोणिसावें शतक निम्में संपत यावें लागलें. आणि तीच सोय एकविसाव्या शतकांत पुन्हां हातची कशी निसटूं लागली आहे, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हल्लीं आमच्या मध्यम वर्गांतील पुष्कळ घरांचें एखादें माणूस तरी समुद्रापलीकडे असतें, आणि त्याच्याकडे जाण्यायेण्याचीं तिकिटें काढण्याचें काम घरांतील तरुण मंडळी हौसेनें करितात. मुंबईहून लंडनपर्यंत एका कंपनीचें तिकीट, लंडनहून पुढें दुसऱ्याच कंपनीचें स्वतंत्र तिकीट, अशी जुळणी केली म्हणजे पुष्कळदां बरेच पैसे वांचतात. पाहणाराला हा प्रवास एकच दिसतो. करारांच्या दृष्टीनें मात्र ते बहुधा दोन प्रवास असतात, आणि त्या दोहोंच्या मध्यें जी दोन-तीन तासांची फट असते ती कोणाच्याच मालकीची नसते. पहिलें विमान उशिरा पोंचलें आणि दुसरें निघून गेलें, तर पहिली कंपनी म्हणते, ‘आम्ही तुम्हांस लंडनला पोंचविलें’. दुसरी म्हणते, ‘तुम्ही वेळेवर हजर नव्हतां’. दोघींचेंही म्हणणें खरें असतें, आणि नुकसान प्रवाशाचें होतें. ही फट पूर्वीं कोणीं व कशी बुजविली होती हें पाहिल्यावांचून ती आतां कां उघडी पडली हें समजणार नाहीं.

तो इतिहास विमानांपासून सुरू होत नाहीं. इंग्लंडांत आगगाडीच्या आरंभींच्या वर्षांत प्रत्येक लोहमार्ग ही एकेका स्वतंत्र कंपनीची मिळकत होती. एका कंपनीची हद्द संपली कीं प्रवाशानें उतरावें, दुसऱ्या कंपनीच्या खिडकीशीं उभें राहून नवें तिकीट घ्यावें, आणि सामान हमालाच्या डोक्यावर देऊन दुसऱ्या गाडींत चढवावें, असा प्रकार चाले. डबा थेट पुढें जाऊं द्यावा म्हटलें तर तो कोणाचा, कोणाच्या रुळांवर किती मैल धावला, वाटेंत मोडला तर भरून कोणीं द्यावा, असे तंटे उपस्थित होत. या तंट्यांवर तोड निघाली ती लंडनच्या यूस्टन स्टेशनासमोर ड्रमंड स्ट्रीटवरील एका कचेरींत. २ जानेवारी १८४२ रोजीं तिचें काम सुरू झालें. ‘रेलवे क्लिअरिंग हाउस’ हें तिचें नांव. लंडन-बर्मिंगहॅम रेलवेचा अध्यक्ष जॉर्ज कार ग्लिन हा मूळचा पेढीवाला. लंडनांतील पेढ्या एकमेकींचीं देणींघेणीं एके ठिकाणीं मांडून, त्यांची वजावाट करून, अखेर फक्त बाकी राहील तेवढीच चुकती करितात, ही रीत त्याच्या रोजच्या परिचयाची. त्याच्याच रेलवेंतील हिशेबतपासनीस केनेथ मॉरिसन यानें ही रीत तिकिटांस व डब्यांस लावून दाखविली. नऊ कंपन्यांनीं प्रारंभ केला, आणि १८५० सालीं पार्लमेंटनें कायदा करून या कचेरीला मान्यता दिली. हुंडीची सोय मनुष्याला मिळाली ती अशी एका सराफाच्याच मध्यस्थीनें.

ही गोष्ट दिसण्यांत कारकुनी आहे, आणि म्हणूनच इतिहासाच्या ग्रंथांत तिला जागा मिळत नाहीं. स्टीफन्सनच्या इंजिनाचें चित्र शाळेच्या पुस्तकांत असतें. मॉरिसनचें नांव कोणाला ठाऊक नसतें. परंतु आमच्या मतें प्रवाशाच्या सुखाच्या दृष्टीनें दुसऱ्याची कामगिरी पहिल्यापेक्षां फारशी कमी नाहीं. इंजिनानें माणसाला वेग दिला, आणि वजावाटीच्या वहीनें त्याला सलगता दिली. ती वही चालण्यास आणखी एका क्षुल्लक वस्तूची गरज होती. थॉमस एडमंडसन नांवाच्या एका इंग्रज रेलवे-नोकरानें १८३० नंतरच्या दशकांत अनुक्रमांक छापलेलीं पुठ्ठ्याचीं लहान तिकिटें काढलीं. तत्पूर्वीं तिकीट हातानें लिहून देत. किती विकलीं याचा खात्रीचा ताळा नसे. अंक छापले गेले तेव्हांच एका कंपनीनें विकलेल्या तिकिटावर दुसरीनें विश्वास ठेवावा अशी परिस्थिति आली. हींच पुठ्ठ्याचीं तिकिटें आमच्याकडे विसावें शतक संपेपर्यंत स्टेशनांच्या खिडक्यांतून खटखट आवाज करीत बाहेर पडत होतीं, हें वाचकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल.

हिशेब जुळले तरी रूळ जुळतातच असें नाहीं. १८४४ सालीं ग्लॉस्टर येथें सात फुटांचा रुंद मार्ग आणि चार फूट साडेआठ इंचांचा अरुंद मार्ग समोरासमोर आले, आणि एका गाडींतला माल दुसरींत भरतांना जो गोंधळ उडे तो पाहून पार्लमेंटास चौकशीमंडळ नेमावें लागलें. हा अनुभव महाराष्ट्रास परका नाहीं. मुंबईहून पुण्यास रुंद रुळांवरून आलेला बेळगांवचा प्रवासी पुण्यास उतरून मीटर रुंदीच्या गाडींत बसे. आणि पंढरीच्या वारकऱ्यास कुर्डुवाडीस उतरून बार्शी लाइट रेलवेच्या अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी धरावी लागे. डोक्यावर वळकटी, कांखेंत पोर आणि एका हातांत म्हाताऱ्या आईचें बोट अशा स्थितींत फलाट बदलणाऱ्या मनुष्याला सांधा म्हणजे काय हें निराळें समजावून सांगावें लागत नव्हतें. तथापि कायद्यानें त्याला अगदींच वाऱ्यावर सोडलें नव्हतें. १८९० च्या हिंदुस्थानच्या रेलवे कायद्याच्या ८० व्या कलमांत अशी तजवीज होती कीं, थेट तिकिटाच्या प्रवासांत कोणास दुखापत झाली किंवा सामान गहाळ झालें, तर ज्या रेलवेनें तिकीट विकलें तिच्यावर, अथवा जिच्या हद्दींत अनर्थ घडला तिच्यावर, फिर्याद करितां यावी. पुढची गाडी चुकल्याची भरपाई तींत नव्हती, हें खरें. परंतु ज्यानें पैसे घेतले त्याला ‘तें आमच्या हद्दींत घडलें नाहीं’ असें म्हणून हात झटकतां येऊं नयेत, हें तत्त्व मान्य झालें.

आगबोट आणि आगगाडी यांचा सांधा मुंबईंत जुळे. ७ मार्च १८७० रोजीं जबलपूर येथें जी. आय. पी. आणि ईस्ट इंडियन या दोन रेलवे जोडल्या गेल्या, व मुंबईस उतरलेल्या माणसाला कलकत्त्यापर्यंत सलग मार्ग मिळाला. (ज्यूल व्हर्न यानें ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या आपल्या नायकाला १८७२ सालीं अलाहाबादेच्या अलीकडे रूळ संपलेले दाखवून हत्तीवर बसविलें आहे; तो मार्ग तत्पूर्वीं दोन वर्षें पुरा झाला होता. पण रूळ पुरे असते तर कादंबरींत हत्ती आला नसता, तेव्हां आम्ही तक्रार करीत नाहीं.) पुढें १९२८ सालीं सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल विलायती बोटीच्या टपालाशीं बांधलेली असे, बॅलार्ड पिअरवर उतरलेला साहेब आणि त्याच्या ट्रंका धक्क्यावरूनच गाडींत चढत. अर्थात् ही तत्परता प्रामुख्यानें टपालासाठीं व साहेबासाठीं होती.

विमानांच्या युगाचा आरंभ सांध्यांनींच भरलेला आहे. ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनें लंडन ते कराची असा मार्ग सुरू केला. भाडें १३० पौंड, मुदत सात दिवस. पण सगळा प्रवास विमानाचा नव्हता. लंडनहून स्वित्झर्लंडांतील बाझलपर्यंत विमान. तेथून जिनोव्हापर्यंत आगगाडी. जिनोव्हाहून भूमध्यसमुद्रावरून आलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारें विमान. पुढें ईजिप्तांतून पुन्हां जमिनीवरचें विमान, इराक व इराणच्या आखातावरून कराचीपर्यंत. इतके सांधे असूनहि तिकीट एक होतें, आणि जिनोव्हाची आगगाडी उशिरा आली तर त्याची काळजी प्रवाशानें नव्हे, कंपनीनें करावयाची होती.

कराचीच्या पुढचा सांधा हिंदी माणसांनीं जोडला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं कराचीच्या ड्रिघ रोड मैदानावरून एक इंजिनाचें ‘पस मॉथ’ विमान उडविलें, वाटेंत अहमदाबादेस पेट्रोल घेतलें, व दुपारीं जुहूस उतरविलें. आंत प्रवासी नव्हता. इंपीरियल एअरवेजनें कराचीपर्यंत आणलेल्या विलायती टपालाच्या थैल्या होत्या. जुहूहून त्या थैल्या नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकानें बळ्ळारीमार्गें मद्रासेस नेल्या. हिंदी विमानोड्डाणाचा प्रारंभ म्हणून हा दिवस साजरा होतो तें योग्यच आहे; परंतु त्या प्रसंगाकडे आमच्या विषयाच्या दृष्टीनें पाहिलें असतां तो एका कंपनीच्या विमानांतून दुसऱ्या कंपनीच्या विमानांत होणाऱ्या बदलाचा आमच्याकडील पहिला मोठा प्रयोग होता. आणि तो सोपा नव्हता. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलमय होई, म्हणून दरवर्षीं चार महिने सर्व बिऱ्हाड उचलून पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर न्यावें लागे. तरीहि टपाल पुढें जाई. कारण पाकिटावर तिकीट एकदांच लावलेलें असे, आणि तें कोणाकोणाच्या हातून गेलें याच्याशीं पाठविणाराला कर्तव्य नसे.

पाकिटाला जें मिळालें तें माणसाला मिळवून देण्याचें काम दोन बाजूंनीं झालें: एक कायद्याच्या व दुसरें व्यापाराच्या. १२ ऑक्टोबर १९२९ रोजीं वॉर्सा येथें विमानवाहतुकीचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमांत असें म्हटलें आहे कीं, अनेक वाहकांनीं एकामागून एक केलेली वाहतूक ही, उभय पक्षांनीं ती एकच मानली असेल तर, अखंड वाहतूक समजावी. मग ती एका करारानें ठरलेली असो वा अनेक करारांच्या मालिकेनें. हे शेवटचे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. तिकिटें किती यापेक्षां मनांत प्रवास एक होता कीं अनेक, याला त्या जुन्या कायदेपंडितांनीं महत्त्व दिलें होतें. अडचण एवढीच कीं ‘उभय पक्षांनीं’ असें म्हटलें आहे. एकट्या प्रवाशानें मनांत एक धरून भागत नाहीं. शिवाय ३० व्या कलमाप्रमाणें साधारणतः ज्याच्या हातून उशीर झाला त्याच वाहकावर दावा चाले. १९९९ च्या माँट्रियल करारांत हीच रचना कायम राहिली, आणि भारत त्या करारांत २००९ सालीं सामील झाला.

व्यापाराची बाजू अधिक परिणामकारक ठरली. १९१९ च्या ऑगस्टांत हेग येथें सहा कंपन्यांनीं एक संघ काढला होता. दुसरें महायुद्ध संपतां संपतां, एप्रिल १९४५ मध्यें, हवाना शहरीं त्याचें पुनरुज्जीवन होऊन ३१ देशांतील ५७ कंपन्या त्यांत आल्या. हीच आजची ‘आयाटा’. १९४७ च्या जानेवारींत तिनें लंडनांत आपलें क्लिअरिंग हाउस उघडलें. ड्रमंड स्ट्रीटवरील कचेरी उघडून १०५ वर्षें झालीं होतीं, आणि युक्ति तीच होती.

ही व्यवस्था कशी चाले हें थोडें तपशीलानें सांगितलें पाहिजे, कारण आतां तिचें स्वरूप लोक विसरत चालले आहेत. १९६० च्या सुमारास मुंबईच्या एखाद्या एजंटानें मुंबई-लंडन-न्यूयॉर्क-शिकागो असें तिकीट काढलें, तर तें तीन-चार पातळ कुपनांचें एक पुस्तक असे. पैसे सारे पहिल्या कंपनीकडे जमा. मुंबईस पहिलें कुपन फाडून घेत, लंडनला दुसरें, न्यूयॉर्कला तिसरें. हीं फाडलेलीं कुपनें म्हणजे हुंड्याच. प्रत्येक कंपनी तीं गोळा करून क्लिअरिंग हाउसकडे पाठवी, तेथें वजावाट होऊन ज्याचा त्याला वांटा मिळे. सामानावर मुंबईसच शिकागोचा बिल्ला बांधला जाई. मधल्या विमानतळावर किती वेळ हाताशीं असला म्हणजे बदल साधतो, याचे आंकडे कंपन्यांनीं एकत्र बसून ठरविलेले असत, व त्याहून कमी अंतराचें तिकीट विकतां येत नसे. हा आंकडा पाळूनहि विमान चुकलें तर पुढची सोय करण्याचें काम कंपन्यांचें; कित्येकदां कुपनाच्या पाठीवर एक शेरा मारून प्रवाशाला तिसऱ्याच कंपनीच्या विमानांत बसवून देत. कोणीं कोणास उपकृत केलें असें वाटण्याचें कारण नसे, कारण ज्यानें बसवून नेलें त्याला पैसे लंडनच्या वहींतून मिळत.

याच काळांत आमच्या नागपुरानें एक लक्षांत ठेवण्याजोगें दृश्य पाहिलें. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रींची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून संध्याकाळीं निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र जमत, थैल्या व उतारू यांची अदलाबदल करीत, आणि पहाटेस आपापल्या गांवीं परत जात. चारांपैकीं एक विमान लांबलें तर बाकींचें काय करावयाचें, हा प्रश्न तेथें रोजचा; आणि वाट पाहण्यालाहि मर्यादा असते हें तेथील माणसें अनुभवानें शिकलीं. अमेरिकेंत मेम्फिस येथें पार्सलांच्या एका कंपनीनें १९७३ सालीं याच धर्तीची व्यवस्था उभी केली, आणि तिचें व्यापारशास्त्रांत फार कौतुक झालें. नागपूरचें नांव त्या पुस्तकांत क्वचितच आढळतें.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं पूर्वींचा काळ सोन्याचा होता. तसें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. एका कंपनीचें कुपन दुसरीनें बिनतक्रार घ्यावें याचें मुख्य कारण, दोघींचें भाडें एकच असे. आयाटाच्या बैठकींत भाडीं ठरत आणि सरकारें त्यांना संमति देत. एखाद्या कंपनीला स्वस्त नेण्याची इच्छा असली तरी मोकळीक नव्हती. तें भाडें इतकें जबर असे कीं मुलाला विलायतेस पाठविण्यासाठीं दागिने मोडणारीं किंवा जमीन गहाण टाकणारीं घरें आमच्याकडे होतीं, आणि एकदां गेलेला मुलगा पांच-पांच वर्षें परत येत नसे. सांधा मजबूत होता, पण दार अरुंद होतें. ज्याला दारांतूनच आंत जातां येत नाहीं त्याला आंतल्या सोयीचें काय सुख?

हें दार मोडलें तें थोडक्यांत असें. १९७१ च्या जूनमध्यें टेक्सासांत साउथवेस्ट कंपनीनें स्वस्त उड्डाणें सुरू केलीं. इतर कंपन्यांशीं तिकिटांची व सामानाची जोड ठेवावयाची नाहीं हें तिचें धोरण होतें. हा आडमुठेपणा नव्हता, हिशेब होता. विमान जमिनीवर असतें तोंवर खर्च होतो, हवेंत असतें तेव्हांच कमाई होते. दुसऱ्या कंपनीच्या उशिरा आलेल्या पेट्यांसाठीं आपलें विमान उभें ठेवावयाचें म्हटलें कीं स्वस्ताई संपली. २६ सप्टेंबर १९७७ रोजीं फ्रेडी लेकर या इंग्रज उद्योजकानें लंडनच्या गॅटविक विमानतळावरून न्यूयॉर्कला ५९ पौंडांत माणसें नेण्यास आरंभ केला. आगाऊ जागा राखणें नाहीं. यावें, रांगेंत उभें राहावें, तिकीट घ्यावें. फेब्रुवारी १९८२ मध्यें त्याचें दिवाळें निघालें, पण लोकांना चव लागली होती. १९७८ सालीं अमेरिकेनें भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा केला; १९९० नंतरच्या दशकांत युरोपनें तोच मार्ग धरला, आणि रायनएअर व ईझीजेट यांनीं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंतच जबाबदारी, त्यापुढें नाहीं, हें सूत्र घरोघर पोंचविलें. आमच्याकडे १९५३ पासूनची दोन सरकारी महामंडळांची मक्तेदारी १९९४ सालीं कायद्यानें संपली, आणि २००३ सालीं कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननें पहिल्यानेंच विमानांत बसणाऱ्या हजारों लोकांसाठीं दार उघडलें. या लोकांत शिक्षक होते, दुकानदार होते, मुलाकडे जाणाऱ्या सासवासुना होत्या. त्यांचा आनंद खोटा नव्हता.

एक विचित्र योग असा कीं, सांधा जोडणें यांत्रिक दृष्ट्या सर्वांत सोपें झालें तें याच काळांत. १ जून २००८ पासून आयाटाच्या कंपन्यांनीं कागदी तिकीट बंद केलें. कुपन फाडण्याची, गोण्यांत भरून पाठविण्याची गरज उरली नाहीं. परंतु ज्या पडद्यावर हें घडलें त्याच पडद्यावर प्रवाशाला साऱ्या कंपन्यांचीं वेळापत्रकें व भाडीं शेजारीं शेजारीं दिसूं लागलीं, आणि तो स्वतःच आपला एजंट झाला. जुन्या एजंटाला प्रवासांतील खाचखळगे ठाऊक असत. नव्या एजंटाला फक्त भाडें दिसतें.

दोन स्वतंत्र तिकिटांच्या प्रवासांत उशिराखेरीज आणखीहि कांहीं गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्या आमच्या लोकांना विशेष भोंवतात. पेटीवर शेवटच्या गांवाचा बिल्ला लागत नाहीं, म्हणून मधल्या विमानतळावर ती पट्ट्यावरून उचलून पुन्हां देण्यासाठीं बाहेर पडावें लागतें. बाहेर पडणें म्हणजे त्या देशांत प्रवेश करणें. ज्याचा पासपोर्ट युरोपीय आहे त्याला ही दहा मिनिटांची रांग आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला लंडन येथें ब्रिटनचा व्हिसा नसेल तर तें दार बंदच आहे. वांचविलेल्या पैशांत व्हिसाचें शुल्क कोणी धरलेलें नसतें. दुसरें असें कीं, पहिल्या टप्प्यास गैरहजर राहणाऱ्याचें उरलेलें तिकीट रद्द करण्याची शर्त बहुतेक कंपन्या घालतात. म्हणजे दुसऱ्या कंपनीचें जाण्याचें विमान चुकलें तर तिच्याच तिकिटावरची परतीची जागाहि जाऊं शकते. मुलाच्या पदवीदानास निघालेल्या आईबापांवर, किंवा सत्राच्या पहिल्या दिवशीं हजर राहणें अवश्य असलेल्या विद्यार्थ्यावर हा प्रसंग आला म्हणजे रात्रीच्या दोन वाजतां ऐन वेळच्या भावानें नवें तिकीट घ्यावें लागतें, आणि तो भाव वांचविलेल्या रकमेच्या कित्येक पट असतो. ज्यांनीं पैशाच्या ओढीमुळें दोन तिकिटें काढलीं त्यांच्याकडेच हा धक्का सोसण्याचें बळ सर्वांत कमी असतें. आमच्या मतें या बदलांतील अन्याय कोठें असेल तर तो येथें आहे. स्वस्ताईंत मुळींच दोष नाहीं. दोष आहे तो हा कीं, जोखीम प्रवाशाच्या पदरांत टाकतांना तिची किंमत त्याला कोणीं सांगितली नाहीं.

सांधा तुटला तसा तो नव्या रूपानें विकलाहि जाऊं लागला. मिलानच्या मालपेन्सा विमानतळानें ‘व्हायामिलानो’ या नांवाखालीं, निरनिराळ्या कंपन्यांच्या तिकिटांवर तेथें विमान बदलणाऱ्यांसाठीं स्वतःच सोय काढली. कांहीं तिकीट विकणाऱ्या पेढ्या जादा पैसे घेऊन विमान चुकल्यास दुसरी व्यवस्था करून देण्याची हमी देतात. म्हणजे १९६० सालीं जें तिकिटांत अंतर्भूत होतें तें आतां विम्याप्रमाणें निराळें मिळतें. ही हमी कितपत टिकते हें ती देणाऱ्या पेढीच्या शर्तींवर अवलंबून असतें, आणि त्या शर्ती वाचण्याचा धीर फार थोड्यांना असतो.

न्यायालयांनींहि या प्रश्नांत लक्ष घातलें आहे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला, आणि त्याच्या अर्थाविषयीं एकामागून एक निवाडे झाले. सारांश असा कीं, बुकिंग एक असेल तर अखेरच्या गांवीं किती उशीर झाला यावरून भरपाई मोजावी. ऑक्टोबर २०२२ मधील एक निवाडा आमच्या विषयाला फार जवळचा आहे. स्टुटगार्टहून झुरिक व फिलाडेल्फिया या मार्गें कॅन्सस सिटीस जाणाऱ्या एका प्रवासांत दोन कंपन्यांचीं विमानें होतीं. त्या कंपन्यांमध्यें कायद्यानें मानावा असा खास संबंध नव्हता. एका प्रवासी एजन्सीनें त्यांची मोट बांधून, एकूण एक रक्कम घेऊन, एकच तिकीट दिलें होतें. न्यायालयानें तो जोडप्रवासच मानला. वॉर्साच्या कलमांत उभय पक्षांच्या मनांतला प्रवास शोधला होता. लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांनीं एक रक्कम व एक तिकीट या दृश्य खुणा पाहिल्या. परंतु ज्यानें स्वतः दोन ठिकाणीं दोन वेळां पैसे भरले त्याच्या हातीं यांतलें कांहींच लागत नाहीं.

मुंबईपुरतें पाहिलें तर येथें हा प्रश्न फार दिवसांचा आहे. १९८१ च्या सुमारास सहार येथें परदेशी विमानांसाठीं निराळी इमारत झाली, आणि देशांतर्गत विमानें सांताक्रूझच्या बाजूस राहिलीं. धावपट्ट्या त्याच, पण एका इमारतींतून दुसरींत जाण्यासाठीं विमानतळाला वळसा घालून मुंबईच्या रस्त्यावरून जावें लागे. नागपूर किंवा गोव्याहून येऊन रात्रींचें परदेशी विमान धरणारे लोक तें अंतर घड्याळाकडे पाहत काटीत. २०१४ सालीं नवी इमारत झाल्यावर पुष्कळ कंपन्या एका छपराखालीं आल्या, तरी कांहीं उड्डाणें जुन्या बाजूसच राहिलीं. आतां २०२५ च्या ऑक्टोबरांत नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें, व त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून विमानें उडूं लागलीं. म्हणजे दोन तिकिटांचा प्रवासी यापुढें एका विमानतळावर उतरून खाडीपलीकडच्या दुसऱ्या विमानतळावरून निघूं शकतो, आणि तिकिटावर दोन्हीं ठिकाणीं ‘मुंबई’ हें नांव पाहून त्याची समजूत होते कीं गांव एकच आहे. आमच्या परिचयाच्या कांहीं अनुभवी मंडळींनीं यावर जुनाच उपाय धरला आहे. तीं दोन तिकिटांच्या मध्यें एक रात्र मोकळी ठेवितात, मधल्या गांवीं कोणा नातलगाकडे उतरतात, आणि दुसऱ्या दिवशीं जेवूनखाऊन पुढचें विमान धरतात. त्या रात्रीचा खर्च तीं तिकिटाच्या भाड्यांतच धरून मग स्वस्त-महाग ठरवितात.